शर्यत हवी, गुणतक्ता नको

इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रासमिअर या गावी ऑगस्टअखेर क्रीडामेळा भरतो. कंबरलँड-वेस्टमोरलँड पद्धतीच्या कुस्त्या होतात, वासाच्या मागावर कुत्री धावतात, आणि समोरच्या डोंगरावर बटर क्रॅग नावाच्या कड्यापर्यंत चढून पुन्हा मैदानात उतरायची ‘गाइड्स रेस’ होते. ही शर्यत १८६८ पासूनची. त्याच डोंगराच्या खालच्या अंगाला त्याच दिवशी मुलांच्याही शर्यती लागतात, आणि त्यांतला सर्वांत धाकटा गट नऊ वर्षांखालच्या मुलामुलींचा असतो. तिकडच्या उघड्या, झाडं नसलेल्या डोंगरांना ‘फेल’ म्हणतात. त्यावरच्या धावण्याला फेल रनिंग. कम्ब्रिया आणि यॉर्कशायरच्या गावागावांतून हा खेळ चालतो आणि बहुतेक ठिकाणी मुलांच्या शर्यती त्याचाच भाग असतात.

या धाकट्या गटाबद्दल शिकलेल्या पालकांत, शिक्षकांत आणि क्रीडाशास्त्र वाचणाऱ्यांत आज एक मत जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. मुलांना डोंगरावर खुशाल न्यावं, हुंदडू द्यावं; पण छातीवर क्रमांक लावून त्यांची शर्यत लावू नये. निदान बारा वर्षांपर्यंत तरी नाही. मला हे मत चुकीचं वाटतं. पण खंडनाची आपली जुनी शिस्त अशी की प्रतिपक्ष आधी त्याला स्वतःला मान्य होईल इतका नीट मांडावा, आणि या प्रतिपक्षाचा तो हक्कच आहे, कारण त्याच्या हातात भक्कम पुरावे आहेत.

त्याचं पहिलं म्हणणं शरीराचं. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, वाढ तिथूनच होते. स्नायूची ओढ तिथे वारंवार बसली की दुखणं उद्भवतं. गुडघ्याखालच्या अशा दुखण्याचं वर्णन ऑसगुड आणि श्लाटर यांनी १९०३ साली केलं, टाचेतल्या दुखण्याचं सीव्हर यांनी १९१२ साली. दुसरं म्हणणं कारकिर्दीचं. लवकर सुरुवात केलेली मुलं लवकर चमकतात आणि मग मागे पडतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१६ साली एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढे ढकलावं असा सल्ला दिला. तिसरं म्हणणं मनाचं, आणि तिथे नॉर्वेचा दाखला हमखास येतो: मुलांच्या खेळात स्पर्धेला लगाम घालणारा देश, आणि तरीही हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वांच्या पुढे. आपल्याकडच्या वाचकाच्या मनात याला आणखी एका आठवणीची जोड असते. २००६ च्या मे महिन्यात ओडिशातला चार वर्षांचा बुधिया सिंग पुरीहून भुवनेश्वरकडे सुमारे ६५ किलोमीटर धावला, अखेरीस कोसळला, आणि देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून लहान मूल आणि शर्यत हे शब्द शेजारी आले की आपल्या पोटात गोळा येतो. तो यायलाच हवा. बुधियाच्या बाबतीत जे झालं त्याचं समर्थन कुठल्याही युक्तिवादाने होत नाही.

पण सुक्याबरोबर ओलंही जाळायचं का, हा माझा प्रश्न आहे.

शरीराचा मुद्दा आधी घेऊ. टाचेचं आणि गुडघ्याखालचं दुखणं एका पडण्याने होत नाही, एका शर्यतीनेही होत नाही. तोच भार आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने, विश्रांती न देता पडत राहिला की ते होतं. म्हणजे हा आक्षेप सरावाच्या वेळापत्रकाला लागू आहे. आठ वर्षांचं मूल गवताच्या उतारावर काही मिनिटं चढतं, वळतं, उतरतं आणि मग उरलेला दिवस मेळ्यात घालवतं. या प्रकाराला तो आक्षेप कसा लावायचा? त्याच इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबांच्या अकादमी नऊ वर्षांखालच्या गटापासून मुलांची नोंदणी करतात, आठवड्यातून कित्येकदा सराव घेतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी नको असलेल्यांना घरी पाठवतात. सीव्हरच्या दुखण्याची काळजी असेल तर तिची जागा तिथे आहे.

वयाचा हिशेबही नीट पाहायला हवा. झपाट्याने उंची वाढण्याचा काळ मुलींच्या बाबतीत सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांच्या बाबतीत चौदाव्याच्या. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात, हातपाय नवे झाल्यासारखे वागतात, ठेच लागते, तोल जातो. कूर्चेवर ताण सर्वांत जास्त असतो तो याच काळात. ‘बारा वर्षांपर्यंत थांबा’ हा सल्ला ऐकायला सावध वाटतो, पण त्याचा अर्थ असा होतो की मुलाने ओबडधोबड उतारावर धावण्याचा पहिला धडा नेमका त्या वर्षी घ्यावा, ज्या वर्षी त्याचं शरीर त्याला सर्वांत अनोळखी झालेलं असतं. सात-आठ वर्षांच्या मुलाचा गुरुत्वमध्य खाली असतो, वजन कमी असतं, पडलं तरी ते थोड्या उंचीवरून पडतं. उतारावर पाय कुठे ठेवायचा, ओल्या गवतावर टाच कशी रुतवायची, सुट्या दगडावर भार न देता कसं निघून जायचं, हे त्या वयात अंगवळणी पडलं तर पुढच्या विचित्र वर्षांत तेच उपयोगी पडतं.

दमण्याबद्दलही आपल्या कल्पना मोठ्यांच्या अनुभवावरून बेतलेल्या आहेत. २०१८ साली फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांची तुलना एकीकडे सराव नसलेल्या प्रौढांशी आणि दुसरीकडे राष्ट्रीय पातळीच्या दमश्वासाच्या खेळाडूंशी केली. थोड्या वेळाच्या तीव्र श्रमानंतर मुलांचे स्नायू ज्या बेताने थकले तो बेत खेळाडूंच्या जवळचा होता, आणि पूर्ववत होण्याचा वेग तर खेळाडूंच्या तोडीचा किंवा थोडा सरसच. थोडा वेळ जोरात पळणं, थांबणं, पुन्हा पळणं ही त्या वयाच्या शरीराची मूळ चाल आहे. तास दोन तास एका लयीत पळणं ही नाही. म्हणून बुधियाचे ६५ किलोमीटर आणि नऊ वर्षांखालच्या गटाची ती छोटी चढ-उतार या एकाच गोष्टीच्या कमी-जास्त मात्रा नाहीत; शरीराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधल्या नियमांनीही हा भेद मानला आहे. मुलांच्या शर्यतींचं अंतर वयोगटानुसार बांधलेलं असतं आणि मोठ्यांच्या लांब शर्यतींत मुलांना प्रवेश नसतो.

एका बाबतीत मात्र प्रतिपक्षाचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो, आणि गंमत अशी की तो त्यावर फारसा भर देत नाही. ती बाब म्हणजे थंडी. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून त्याचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडतं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये भर उन्हाळ्यातही पाऊस आणि वारा एकत्र येतात, आणि घामेजलेलं मूल थांबलं की काही मिनिटांत थरथरू लागतं. या डोंगरांवर मोठी माणसंही दगावली आहेत. २०१२ साली तिथल्या सेलबेक शर्यतीत एका धावपटूचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर सुरुवातीला माणसं मोजून सोडायची, शेवटी मोजून घ्यायची, अर्ध्यावर सोडलेल्याने कळवल्याशिवाय घरी जायचं नाही, या नियमांना नव्याने धार आली. पाऊस-वारा अडवणारे अंगभर कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिटी, अडीअडचणीचं खाणं ही लांब शर्यतीची शिदोरी ठरलेली असते. मुलांच्या शर्यतीला नकाशा लागत नाही, पण मोजदाद आणि अंगभर कपडा लागतोच. ज्या आयोजकाला हे जमत नाही त्याने मुलांची शर्यत लावू नये. हवा बिघडली तर मार्ग खाली आणावा, आणखी बिघडली तर शर्यत रद्द करावी. रडणाऱ्या मुलांची समजूत काढता येते.

या अंगाने पाहिलं तर गावच्या मेळ्यातली शर्यत कुटुंबाच्या डोंगरफेरीपेक्षा जास्त सुरक्षित ठरते. ग्रासमिअरसारख्या ठिकाणी मैदानात उभं राहिलं की सगळा डोंगर डोळ्यांसमोर असतो. वळणावर माणूस उभा असतो, मार्गावर निशाणं असतात, किती मुलं गेली आणि किती आली याचा आकडा कुणाकडे तरी असतो.

आता नॉर्वे. हा दाखला देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो नियम मुळातून वाचलेला दिसतो. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळाविषयीचे नियम १९८७ साली केले आणि २००७ साली त्यांना मुलांच्या हक्कांचीही जोड दिली. त्यांत वयाची पायरी अशी आहे: सहाव्या वर्षापासून मुलाला आपल्या क्लबच्या किंवा परिसरातल्या स्पर्धेत उतरता येतं, नवव्यापासून विभागीय स्पर्धेत. निकालपत्रकं, गुणतक्ते, क्रमवाऱ्या अकराव्या वर्षाआधी नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षाआधी नाही. बक्षीस द्यायचंच तर बारा वर्षांपर्यंत ते सर्वांना. पहिली पायरी पुन्हा वाचावी. ज्या देशाच्या नावाने सहा वर्षांच्या मुलाची शर्यत बंद करा असं सांगितलं जातं, त्या देशाने सहा वर्षांच्या मुलाला शर्यतीची मुभा नियमात लिहून दिली आहे. त्याने अडवलं आहे ते शर्यतीनंतर मोठी माणसं कागदावर जे करतात ते. आणि २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये त्रेपन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाने मिळवलेली ३९ पदकं हा कशाचा पुरावा असेलच, तर तो या पूर्ण नियमाचा आहे, त्याच्या अर्ध्या ऐकीव रूपाचा नाही. (एका नियमाने पदकं येतात असं मी स्वतः म्हणणार नाही. तिथे बर्फ आहे, पैसा आहे, गावोगाव क्लब आहेत.)

कारकिर्दीच्या आक्षेपाचा आधार भक्कम आहे. आर्ने ग्युलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या अभ्यासांमधून सहा हजारांहून जास्त खेळाडूंची माहिती एकत्र केली; तो लेख २०२२ साली छापून आला. निष्कर्ष असा की प्रौढपणी जगात अव्वल ठरलेले खेळाडू लहानपणी जास्त खेळ खेळलेले होते, आपल्या मुख्य खेळाकडे उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती. कुमार गटातल्या अव्वल खेळाडूंचं चित्र बरोबर उलटं होतं. मी हा निष्कर्ष मानतो. पण तो निष्कर्ष आहे प्रशिक्षकाच्या देखरेखीखालच्या सरावाबद्दल. ‘या मुलाला डोंगरधावपटू करायचं आहे’ असं ठरवून आठव्या वर्षी त्याला जुंपणाऱ्या पालकाला हा अभ्यास थेट धोक्याची सूचना देतो. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात चिखलातल्या क्रॉस-कंट्रीत, मधल्या दिवसांत पोहण्याच्या तलावात आणि सायकलवर असणाऱ्या मुलाच्या तो बाजूने बोलतो. यॉर्कशायरचे ब्राउनली बंधू असेच वाढले. लहानपणी डोंगरावर धावले, पोहले, सायकल चालवली. थोरला अ‍ॅलिस्टर २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा सुवर्णपदकविजेता झाला आणि दोन्ही वेळा धाकटा जॉनीही पदकाच्या चौथऱ्यावर होता.

विरोधक डोंगरधावपटू जॉस नेलर यांचं उदाहरणही देतात, आणि ते उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९३६ साली लेक डिस्ट्रिक्टमधल्या वॉसडेल हेडच्या मेंढपाळ घरात जन्मलेले नेलर २०२४ साली वारले. लहानपणी पाठ दुखावली, तरुणपणी पाठीच्या कण्यातल्या दोन चकत्या शस्त्रक्रियेने काढल्या. पहिली शर्यत धावले ती १९६० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कामाचे बूट घालून. आणि १९७५ साली त्यांनी चोवीस तासांच्या आत लेक डिस्ट्रिक्टची ७२ शिखरं पालथी घातली. मग लहानपणी शर्यत कशाला हवी, असा प्रश्न येतो. चँपियन घडवायला ती नकोच, एवढं या उदाहरणाने सिद्ध होतं आणि मला ते मान्य आहे. पण नेलर चोविसाव्या वर्षी डोंगरावर पहिल्यांदा गेले नव्हते. मेंढरं वळवायला, हरवलेलं कोकरू शोधायला, धुक्यात कुंपणाची भिंत धरून घरी यायला ते पोरवयापासून त्या उतारांवर होते. शर्यत उशिरा आली, डोंगर उशिरा आला नव्हता. आज त्याच खोऱ्यांतल्या किती मुलांना मेंढरांमागे जायचं असतं? मेंढपाळ घरं कमी झाली. २००१ साली लाळ्या-खुरकत रोगाने कम्ब्रियातले अनेक कळप नाहीसे झाले, डोंगर माणसांना बंद झाले आणि त्या हंगामातल्या बऱ्याच शर्यतीही रद्द झाल्या. मुलाला डोंगराशी बांधणारं काम गेल्यावर त्याला तिथे नेणारं दुसरं काहीतरी कारण लागतं, आणि लहान मुलाला कळेल असं कारण शर्यत हेच आहे.

यावर सौम्य स्वरात विचारला जाणारा प्रश्न सर्वांत कठीण आहे: नुसतं फिरायला का नेऊ नये? माझं उत्तर असं की फिरायला नेलेल्या मुलाचा मार्ग, वेग, थांबण्याची जागा, खाऊची वेळ सगळं मोठी माणसं ठरवतात. शर्यत सुटल्यापासून संपेपर्यंत मुलाचा हात कुणी धरलेला नसतो. कुठे पळायचं, कुठे चालायचं, चिखल टाळायचा की तुडवायचा, हे ते स्वतः ठरवतं आणि ठरवल्याचं फळ त्याला लगेच कळतं. फेल रनिंगमध्ये एक गोष्ट अशी आहे जी सपाट मैदानावरच्या धावण्यात नाही: चढावर चालणं ही इथे हार मानली जात नाही. मोठमोठे विजेतेही उभ्या चढावर गुडघ्यांवर तळवे दाबून चालतात. सुटल्याबरोबर जिवाच्या आकांताने पळणारं मूल पहिल्या चढाच्या मध्यावर उभं राहतं, आणि मागून शांतपणे चालत आलेली मुलगी त्याला ओलांडून जाते. शंभर मीटरच्या शर्यतीत जन्मजात वेगवान मूल दरवेळी जिंकतं, बाकीच्यांना त्यातून शिकण्यासारखं फारसं उरत नाही. डोंगरावर दम राखणं, उतारावर धीट असणं, वाट निवडणं या तिन्हींना किंमत असते. म्हणून वर्गात खेळात मागे असलेलं मूल इथे एखाद्या वेळी पुढे येतं. स्पर्धेने मुलं खचतात हे खरं आहे, पण कोणत्या स्पर्धेने खचतात हे पाहायला हवं. जिथे कायम तेच मूल हरतं, आणि तेही त्याला न बदलता येणाऱ्या गोष्टीमुळे, तिथे मुलं खचतात.

या खेळात पैसाही जवळजवळ नाही, आणि लहान मुलांच्या दृष्टीने मी याला मोठं संरक्षण मानतो. १९३२ साली एका दिवसात ४२ शिखरं पार करून ज्याचं नाव त्या फेरीला कायमचं मिळालं तो बॉब ग्रॅहम केझिकमध्ये पाहुण्यांसाठी घर चालवायचा. १९८२ साली तीच फेरी १३ तास ५३ मिनिटांत पुरी करून तब्बल ३६ वर्षं विक्रम राखणारा बिली ब्लँड गवंडीकाम करायचा. मुलाच्या पायांतून घराचं नशीब काढायला इथे कुणी बसलेलं नसतं. बुधियाच्या भोवती ज्या अपेक्षांची गर्दी झाली तिला इथे जागाच नाही.

जागा नाही असं म्हणताना मला माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळावं लागतं, कारण ती जागा आता तयार केली जात आहे. काही ठिकाणी नऊ वर्षांखालच्यांसाठीही हंगामभराची मालिका चालते: अमुक शर्यतींचे गुण, त्यांची बेरीज, तक्ता, वर्षअखेर करंडक. एकदा तक्ता आला की शनिवार-रविवार त्याच्या मागे जातात. मूल तापातून उठलेलं असलं तरी ‘गुण बुडतील’ म्हणून गाडीत बसतं. पोहणं सुटतं, फुटबॉल सुटतो, आणि ग्युलिश यांच्या अभ्यासाने ज्याच्याविरुद्ध बजावलं ते घराघरांत चालू होतं. जी वारंवारता सीव्हरच्या दुखण्याचं कारण असते तीही याच वाटेने येते. म्हणजे प्रतिपक्षाचे जे आक्षेप गावच्या एका शर्यतीला लागू पडत नाहीत, ते सगळे गुणमालिकेला लागू पडतात.

शिवाय तो तक्ता मोजतो तरी काय? रॉजर बार्न्स्ली यांनी १९८५ साली कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू भरमसाट निघाले, कारण गटाची सीमारेषा एक जानेवारीला होती आणि तिच्यालगत जन्मलेली मुलं गटात वयाने मोठी असत. आठ वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे आयुष्याचा आठवा-नववा हिस्सा. एका दिवसाच्या शर्यतीत हा अन्याय दुपारपर्यंत विसरला जातो. हंगामाच्या तक्त्यात तो दर आठवड्याला छापून येतो, आणि उशिरा जन्मलेलं मूल स्वतःबद्दल एक चुकीची गोष्ट खरी मानून बसतं.

म्हणून अकरा वर्षांखाली मालिका नको, क्रमवारी नको, विभागीय निवड नको. शर्यत असू द्यावी: सुटण्याची रेघ, वळणावरचं निशाण, मोजणारा माणूस, पहिल्या आलेल्याचं नाव मोठ्याने पुकारणं, आणि सगळ्यांना सारखा खाऊ. कोण पहिलं आलं हे मुलांपासून लपवायचं कारण नाही, त्यांना ते दिसतच असतं. क्लबांना हे पटवणं शर्यतीच्या विरोधकांशी वाद घालण्यापेक्षा अवघड जाईल, कारण तक्त्यात वरच्या स्थानी असलेल्या मुलांचेच आईवडील अनेकदा समितीवर असतात. पण नॉर्वेत हा नियम सरकारने वरून लादलेला नाही. क्रीडा महासंघाच्या सभेत खेळाच्या लोकांनी तो स्वतःवर घालून घेतला. इंग्लंडमधल्या फेल रनिंगच्या संघटनांनाही तसा ठराव करता येईल, आणि त्यासाठी गावची एकही शर्यत बंद करावी लागणार नाही.